झेंडा मी दिला होता

या दिवाळी अंकाचे संपादक माझ्या शाळेचे जुने विद्यार्थी. गणपती उठले की त्यांचा फोन ठरलेला. "सर, यंदा तरी शिट्टीच्या गोष्टी लिहा." आणि दर वर्षी मी एखादं कारण पुढे करतो. एका वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, ते खरं होतं. बाकीची सगळी कारणं खोटी होती.

गोष्टी सांगायला मला आवडत नाहीत असं नाही. लग्नाच्या पंगतीत, न्हाव्याच्या दुकानात, बँकेच्या रांगेत, कुठेही विचारा, मी सुरू. पण सांगता सांगता एक गोष्ट जवळ येऊ लागते. ती आली की मी घड्याळाकडे बघतो आणि "चला, उशीर झाला" म्हणून उठतो. चौदा वर्षं मी तिच्या अलीकडे थांबतो आहे. वडनेर भोलजीच्या प्रल्हादभाऊंची ती गोष्ट. आता वय अडुसष्ट. यंदा घड्याळ काढून ठेवलं आहे आणि लिहायला बसलो आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नांदुऱ्याच्या एका शाळेत मी पी.टी.चा मास्तर होतो. आपल्या जिल्ह्यात कबड्डी आणि क्रिकेटचे जाणकार गल्लोगल्ली मिळतात. फुटबॉल खेळणारी पोरं आहेत, पण नियम माहीत असलेली मोठी माणसं फार कमी. मी नियमांचं पुस्तक वाचलं, अकोल्याला जाऊन पंचाची परीक्षा दिली, आणि पास झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून जिल्ह्यातल्या आया-बापांच्या शिव्या खायला लागलो. हे काम मी तेवीस वर्षं केलं.

मैदानात तीन पंच असतात. मधला शिट्टीवाला, म्हणजे मी. दोन्ही बाजूंच्या रेषेवर एकेक लाइनमन, हातात छोटा झेंडा घेऊन. बॉल चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या रेषेबाहेर पूर्ण गेला, किंवा कोणी ऑफसाइड झाला, की त्यानं झेंडा वर करायचा. झेंडा म्हणजे सल्ला. निर्णय शिट्टीचा, म्हणजे मधल्याचा. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता शिव्या. लोक आधी तेच विचारतात. ऑफसाइड म्हणजे काय हे रेषेवर उभ्या शंभर पालकांपैकी एकालाही सांगता येत नाही, पण आपल्या पोरावर अन्याय झाला हे शंभरांनाही दिसतं. शिवाय आपल्याकडे शिवी नेहमी रागानंच देतात असं नाही. दोन मित्र चौकात भेटले तरी पहिलं वाक्य शिवीचं. त्यामुळे मैदानावर पहिली दोन वर्षं मला कळतच नव्हतं की कोण चिडलंय आणि कोण खुशाली विचारतंय. हळूहळू कान तयार झाला. मला दिलेल्या शिवीचं मला काही वाटेनासं झालं. दुसऱ्याच्या पोराला दिलेली ऐकली की मी खेळ थांबवत असे. आणि बापानं स्वतःच्याच पोराला दिलेली ऐकली की थांबवूनही उपयोग नसे. पोर तेवढ्यानंच चेंडूवरून पाय घसरून पडायचं. गुडघ्याला लागलं म्हणून रडायचं, पण ते गुडघ्याचं नसायचं.

खेळाडूंसाठी माझा उपाय साधा होता. दुसरबीडकडच्या एका टीमचा उंच पोरगा होता, पंधरा-सोळाचा. मी फाउल दिला तशी माझ्या पाठीमागे पुटपुटला. जे पुटपुटला ते या अंकात छापता यायचं नाही. मी वळलो.

"काय म्हणालास?"

"काही नाही सर. नशिबाला म्हणलं."

"मी ऐकलं. आता तेच माझ्याकडे बघून म्हण. फक्त अर्जासारखं. सुरुवातीला 'आदरणीय सर' आणि शेवटी 'ही नम्र विनंती'."

पोरगा गोंधळला. पण त्याच्या टीमनं गोल कडं केलं होतं, माघार घेणं जड. छाती भरून म्हणाला, "आदरणीय सर, तुमच्या..." आणि तिथेच अडकला. एकानं मागून "नम्र विनंती, नम्र विनंती" म्हटलं, तशी सगळी टीम खो खो हसायला लागली. शेवटी तोही हसला. "राहू द्या सर, चुकलं." पिवळं कार्ड खिशातच राहिलं. पुढे ते जिल्हाभर पसरलं. पोरगं तोंड उघडायला लागलं की कॅप्टनच दटावायचा, "चूप बे, सर अर्ज करायले लावतीन."

आई-बापांना अर्ज करायला लावता येत नाही. त्यांच्यासाठी दुसरा उपाय सापडला, तोही उपाय म्हणून नव्हे, अडचण म्हणून. तालुक्याच्या सामन्यांना लाइनमन मिळायचे नाहीत. नेमलेले शिक्षक पोह्यांच्या प्लेटीमागे गायब. उंद्रीला असंच झालं. एका बाजूला लाइनमन नाही, आणि त्याच बाजूला एक बाई सकाळपासून माझा उद्धार करत होत्या. "माह्या लेकराले लाथ मारली त्यानं, अन् हे गुरुजी शिट्टी चघयून राह्यले!" मी सरळ त्यांच्यापुढे गेलो आणि झेंडा धरला.

"ताई, हे घ्या. बॉल रेषेबाहेर गेला की वर करायचा."

त्यांनी पदर खोचला, झेंडा घेतला आणि पाच मिनिटं अशी काटेकोर लाइन सांभाळली की मी मनात म्हटलं, हिला परीक्षेला बसवलं पाहिजे. मग बॉल मैदानाच्या मधोमध असताना झेंडा वर. मी शिट्टी मारली, धावत गेलो.

"काय झालं ताई?"

"माह्या पोराले धाप लागली. घोटभर पाणी पेऊ द्या त्याले."

"असा खेळ थांबवता येत नाही ताई."

"मंग हा झेंडा कायले देल्ला मले?"

याचं उत्तर नियमांच्या पुस्तकात नव्हतं. मी बावीसच्या बावीस पोरांना पाणी पाजलं. उन्हाळ्यात खेळ थांबवून पाणी द्यायची पद्धत पुढे मोठ्या सामन्यांत आली तेव्हा मी घरच्यांना सांगितलं, हे आधी उंद्रीला झालंय.

तेव्हापासून माझा नियमच झाला. जो सगळ्यांत मोठ्यानं ओरडेल त्याच्या हातात झेंडा. चिखलीकडचे एक मोठे जमीनदार होते. गाडी अगदी रेषेला लावून बॉनेटवर बसायचे आणि मी त्यांच्या पोराविरुद्ध शिट्टी मारली की ड्रायव्हरकडून हॉर्न वाजवून घ्यायचे. त्यांना झेंडा दिला. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत ते रेषेवरून पळाले. हाफ टाइमला धापा टाकत माझ्याकडे आले, झेंडा परत केला आणि म्हणाले, "सर, लय बेक्कार काम हाय हे. पब्लिक किती शिव्या देते हो!" पुन्हा हॉर्न वाजला नाही.

झेंड्याची जादू अशी की तो हातात आला की माणसाला रेषा दिसायला लागते. तोवर फक्त पोरगा दिसत असतो. मला या शोधाचा फार अभिमान होता. पंगतीत सांगायच्या माझ्या सगळ्या गोष्टी याच. इथवर आलो की मी उठतो.

प्रल्हादभाऊ वडनेर भोलजीचे. वडनेर ते नांदुरा काळीपिवळी चालवायचे, आणि गिऱ्हाईक बोलावण्याचं कामही स्वतःच करायचे. "नांदुराऽ नांदुराऽ नांदुराऽ!" हाक अशी की हायवेच्या पलीकडच्या शेतात निंदणाऱ्या बाया मान वर करायच्या. लोक त्यांना भोंगाच म्हणत. त्यांचा पोरगा विशाल आमच्याच तालुक्यातल्या एका शाळेकडून खेळायचा. डाव्या बाजूनं पळायचा, आणि असा पळायचा की बघत राहावं. सामना असला की प्रल्हादभाऊ त्या दिवशीच्या फेऱ्या सोडून सगळी टीम आपल्या गाडीत भरून आणायचे आणि रेषेवर उभे राहून भोंगा माझ्यावर सोडायचे.

"ओ शिट्टीवाले! डोये गहाण ठेवले का?"

"अबे तो ढकलून राह्यला त्याले! तुम्ही काय हवा खाऊन राह्यले का मास्तर?"

"म्हशीले बी दिसते हो इतकं!"

आईबहिणीवरून त्यांच्या तोंडून एकही शब्द कधी गेला नाही, हे मी इथं मुद्दाम नोंदवतो. आणि स्वतःच्या पोराला तर कधीच नाही. विशालनं कितीही सोपा गोल घालवला तरी दोष मैदानाचा, वाऱ्याचा, नाहीतर माझा.

सामना संपला की तेच प्रल्हादभाऊ गाडीचं पुढचं दार उघडून उभे. "बसा सर, पुढं बसा. पोट्टे मांग बसतीन." एकदा मी वाटेत म्हटलं, "प्रल्हादभाऊ, मघाशी मला म्हैस म्हणालात."

"म्हैस नाई म्हटलं सर! म्हशीले दिसते म्हटलं. म्हैस तुमच्या वर झाली."

मागची सगळी पोरं खिदळली, आणि विशाल लाजून बाहेर बघायला लागला. या माणसाला मी कधी झेंडा दिला नाही. खरं सांगायचं तर मला त्यांचा आवाज बंद करायचाच नव्हता.

चौदा वर्षांपूर्वी विशालची टीम जिल्ह्याच्या फायनलला पोचली. सामना बुलढाण्याला, थंडीच्या दिवसांत. त्याच्या आदल्या आठवड्यात पंचांची बैठक झाली होती. तिथे बजावलं गेलं की तालुक्यात काय चालतं ते चालतं, पण जिल्ह्याच्या सामन्यात रेषेवर परीक्षा पास झालेलाच माणूस हवा. पालकाच्या हातात झेंडा दिसला तर त्या पंचाचं नाव अमरावतीच्या विभागीय स्पर्धेच्या यादीतून गेलं समजा. सांगणारा बोलत सगळ्यांशी होता आणि बघत माझ्याकडे. त्या यादीत माझं नाव पहिल्यांदाच आलं होतं. मी चोपन्न वर्षांचा होतो. ते परत आलं नसतं.

मैदानाच्या एका अंगाला निंबाची झाडं. सगळं पब्लिक त्या सावलीत. हाफ टाइमनंतर बाजू बदलल्या, विशाल उन्हाच्या अंगाला आला, म्हणून प्रल्हादभाऊही सावली सोडून एकटे उन्हात आले. तिथे रेषेवर माझे एक मित्र होते, दुसऱ्या शाळेचे शिक्षक. ते आज हयात नाहीत, त्यांचं नाव घेत नाही. सामना एक-एक बरोबरीत. शेवटची दहा मिनिटं राहिली असताना त्यांच्या पोटरीत असा गोळा आला की ते खाली बसले ते उठेनात. राखीव लाइनमन म्हणून ज्यांचं नाव लिहिलं होतं ते नाश्त्याला गेलेले. पोरं पाणी प्यायला पलीकडे सावलीत जाऊन थंड पडत होती, पब्लिक ओरडत होतं. तीन हातांवर प्रल्हादभाऊ उभे.

बैठकीतलं सगळं मला आठवत होतं. तरी वर्षानुवर्षांच्या सवयीनं हात आपोआप पुढे गेला.

"धरा."

"मी?"

"दहा मिनिटं. तोंड बंद, डोळे उघडे. एवढंच काम."

त्यांनी हात पँटला पुसले. मग चपला काढून रेषेच्या बाहेर बाजूला नीट ठेवल्या, देवळाच्या पायरीशी ठेवाव्या तशा, आणि दोन्ही हातांनी झेंडा घेतला.

शेवटच्या मिनिटाला विशालला बॉल मिळाला. तो रेषेच्या कडेकडेनं निघाला, एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, बॉल जरा लांब गेला तो पायानं ओढून आत घेतला, मुसंडी मारली आणि गोल! सावलीतलं सगळं पब्लिक मैदानात उतरलं. मी हात वर करून गोल देणार तेवढ्यात उन्हाकडे बघितलं. प्रल्हादभाऊ दोन्ही मुठींत झेंडा धरून उभे होते, सरळ, डोक्याच्या वर.

मी धावत गेलो. "काय झालं?"

"बॉल बाहीर गेलता सर. पोट्ट्यानं ओढला ना, तवा. पुरा बाहीर."

"नक्की?"

त्यांनी झेंडा वरच धरला. "पोट्टं माह्यं हाय सर. मले काय हौस हाय का?"

मी ते पाहिलं नव्हतं, पोरांची पाठ मधे होती. झेंडा त्यांचा, निर्णय माझा; मी त्यांच्या शब्दावर गोल रद्द केला. तो निर्णय बरोबर होता, आजही मला शंका नाही. सामना पेनल्टीवर गेला आणि विशालची टीम हरली.

मग सगळी माणसं उन्हाच्या बाजूला आली. शाळेचे लोक, पालक, पोरं. विशाल सगळ्यांत पुढे, रडून लाल झालेला.

"बाबा, तुम्ही काऊन मंधात पडले? कोनं सांगतलं होतं तुम्हाले?"

"सरनं देल्ला मले झेंडा," प्रल्हादभाऊ म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. आयोजकांपैकी एक गृहस्थ वही घेऊन आले होते. विशालच्या शाळेनं जागेवरच तक्रार केली होती, सामना पुन्हा घ्या म्हणून. त्यांनी मला विचारलं, "लाइनवर कोण होतं सर?"

मी माझ्या मित्राचं नाव सांगितलं.

"मग यांच्या हातात झेंडा कसा?"

त्या क्षणी मला अमरावतीचं मैदान दिसलं, जे मी कधी पाहिलंही नव्हतं. मी म्हणालो, "तेच मला कळत नाही."

एवढंच बोललो. मित्र पोटरी चोळत खाली बसले होते, त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. पुढचं काम मी टेबलाशी बसून केलं, सुवाच्य अक्षरात. कार्बन कॉपी अजून माझ्या कपाटात आहे. 'सामन्याच्या अखेरीस एका पालकाने लाइनमनच्या हातून झेंडा काढून घेऊन खेळात हस्तक्षेप केला.'

मला वाटलं होतं, आता भोंगा सुटणार. मी मनात तयार होतो. चार शिव्या बसल्या असत्या तर बरंही वाटलं असतं. पण प्रल्हादभाऊ वाकले. त्यांनी झेंडा फक्कीच्या रेषेवर आडवा ठेवला, चपला घातल्या आणि गाडीकडे गेले. त्या दिवशी मी एस.टी.नं घरी आलो.

तक्रार शाळेवरच उलटली. तुमच्याच पालकानं गोंधळ घातला म्हणून पुढच्या वर्षी त्या टीमला बंदी. ते पुढचं वर्ष विशालचं त्या वयोगटातलं शेवटचं होतं. तो पुन्हा खेळला नाही. गावात सगळे म्हणायचे, भोंग्यानं स्वतःच्या पोराचं वाटोळं केलं. प्रल्हादभाऊंनी दोन-चार ठिकाणी सांगून पाहिलं म्हणे, की झेंडा सरांनी दिला होता. पण वर्षानुवर्षं पंचाला आंधळा म्हणणाऱ्या माणसाचं कोण ऐकणार, आणि तेही पंचाच्या सहीच्या कागदापुढे? विशालनंही नाही ऐकलं. सर खोटं कशाला लिहितील, असं तो बापाला म्हणाला, हे मला मागाहून कळलं. माझ्यावर कोणी इतका विश्वास टाकल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

मी अमरावतीला गेलो. शिट्टी मारली. फोटोही आहे.

आणि एक गोष्ट. त्या दिवसानंतर प्रल्हादभाऊ कुठल्याही मैदानावर ओरडले नाहीत. पुतण्यांचे, भाच्यांचे सामने बघायला यायचे, हात मागे बांधून उभे राहायचे आणि निघून जायचे. लोक मला शाबासकी द्यायचे. "सर, त्या भोंग्याले बी तुम्हीच सुधरवलं." मी हसायचो.

माफी मागायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा वडनेरच्या स्टँडवर मुद्दाम त्यांच्या गाडीत बसलो. त्यांनी नेहमीसारखं पुढे बसवलं आणि नांदुऱ्यापर्यंत टायरविषयी बोलले. मी टायरविषयी इतकं मन लावून कधी ऐकलं नव्हतं. एकदा पत्र लिहिलं. 'आदरणीय प्रल्हादभाऊ' लिहिलं आणि माझाच अर्ज मला आठवला, फाडून टाकलं. मी रिटायर झालो त्या समारंभाला ते आले, शेवटच्या रांगेत बसले. आज माइकवरून सांगायचंच, असं ठरवून उठलो. आणि म्हणालो काय, तर "या कारकिर्दीत माझ्याकडून कोणी दुखावलं गेलं असेल तर मी सर्वांची माफी मागतो." टाळ्या पडल्या. सर्वांची म्हणजे कोणाचीच नाही. प्रल्हादभाऊंनीही टाळ्या वाजवल्या.

मागच्या हिवाळ्यात खामगावला चौदा वर्षांखालच्या मुलींचे सामने होते. पंच होती माझी जुनी विद्यार्थिनी पूजा. तिनं हट्टानं बोलावलं म्हणून गेलो. बघतो तर रेषेवर प्रल्हादभाऊ. केस सगळे पांढरे, हात मागे बांधलेले. त्यांच्या मोठ्या मुलीची मुलगी खेळत होती. बाजूला विशाल. आता गाडी तोच चालवतो आणि भाचीच्या टीमला तोच घेऊन येतो. मला बघून त्यानं पायाला हात लावला. मला ते पाय मागे घ्यावेसे वाटले.

सामना मैत्रीचा, आणि अर्थातच लाइनमन आला नव्हता. आपल्याकडे काही गोष्टी बदलत नाहीत. पूजा झेंडा घेऊन जवळच्या माणसाकडे आली. जवळचा माणूस म्हणजे प्रल्हादभाऊ.

"आबा, धरता का जरा?"

ते दोन पावलं मागे सरले. हात पाठीमागे आणखी घट्ट. "मले नको बाई. मी पाह्यतो फक्त."

विशालनं जमिनीकडे बघितलं. पूजाला काय माहीत? ती माझ्याकडे वळली. "मग सर, तुम्हीच."

अशा रीतीनं अडुसष्टाव्या वर्षी, एका गुडघ्याला पट्टा बांधून, मी लाइनमन झालो. रेषेवरून पळताना दर वेळी प्रल्हादभाऊंच्या समोरून जायचं. जाताना ठरवायचं, येताना सांगू. येताना ठरवायचं, पुढच्या वेळी. बॉलकडे माझं लक्षच नव्हतं. त्यांच्या नातीच्या पायातून दुसऱ्या टीमच्या पोरीनं बॉल हिसकला, तो रेषेबाहेर चांगला हातभर गेला, तिनं तो आत घेतला आणि पळाली. आणि मी झेंडा काखेत धरून प्रल्हादभाऊंच्या तोंडाकडे बघत उभा.

"ओ मास्तर! डोये फुटले का? म्हशीले बी दिसते हो इतकं!"

मैदान थांबलं. पूजानं वळून बघितलं. पोरी थांबल्या. विशाल तर बापाकडे असा बघत राहिला की जणू घरातला बंद पडलेला रेडिओ आपोआप वाजला. प्रल्हादभाऊंनी घाईनं तोंडावर हात ठेवला, आणि हाताच्या आडून त्यांचे डोळे हसत होते. मी झेंडा वर केला. चौदा वर्षांत मला इतकी चांगली शिवी कोणी दिली नव्हती. गुडघा ठणकत होता आणि मी लहान पोरासारखा हसत होतो.

ठरवलं, सामना संपला की लगेच. विशालसमोर. कारण प्रल्हादभाऊंना झेंडा कोणी दिला हे ठाऊकच आहे. माहीत नाही ते विशालला.

शिट्टी झाली. पूजानं सहीला बोलावलं, पोरींनी फोटोसाठी घेरलं. सुटलो तेव्हा गाडी सुरू झाली होती. मी झेंडा हातात घेऊन तसाच धावलो. प्रल्हादभाऊंनी दार उघडलं आणि मला आधी चढता यावं म्हणून खाली उतरले.

"बसा सर, पुढं बसा. पोरी मांग बसतीन."

मी बसलो. डावीकडे बाप, उजवीकडे स्टेअरिंगवर पोरगा, मधे मी, गुडघ्यांमधे उभा झेंडा. खामगाव ते नांदुरा अर्धा-पाऊण तास. याहून चांगली जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. मागे पोरी जिंकल्याच्या आनंदात गाणी म्हणत होत्या. नांदुरा दिसायला लागलं तेव्हा मी सुरुवात केली.

"प्रल्हादभाऊ, तो झेंडा..."

"राहू द्या नं सर," ते म्हणाले. "चुकून आणला तं आणला. उद्या पोचवून देजा त्या पूजाबाईले. ते काय तुम्हाले बोलनार हाय?"

आणि मी म्हणालो, "हो."

गाडी माझ्या गल्लीच्या तोंडाशी थांबली. मी उतरलो. विशालनं हात हलवला. गाडी वडनेरकडे गेली आणि मी झेंडा घेऊन रस्त्यात उभा राहिलो. तो झेंडा अजून माझ्याकडेच आहे, पूजा दोनदा मागून गेली.

अंक निघाला की एक प्रत वडनेरला पोचवा, असं संपादकांना सांगितलं आहे. पण लिहून देणं मला पहिल्यापासून सोपं जातं. अवघड होतं ते गाडीत, त्या दोघांच्या मधे बसून, तोंडानं म्हणायचं होतं, आणि ते काही फार मोठं नव्हतं. "विशाल, गाडी जरा बाजूला घे. तुझ्या बाबांनी झेंडा काढून घेतला नव्हता. मी दिला होता. प्रल्हादभाऊ, मला माफ करा."